राक्षस सुकट मागत नाही

जगात खरं म्हणून काही उरलेलं नाही, या गोष्टीचा ज्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास होतो तो माणूस दुर्दैवानं माझा साडू लागतो. दुर्दैव माझं, त्यांचं बरं चाललेलं असतं. साडू हे नातंच मुळात असं, की ते आपण निवडलेलं नसतं. दोघी बहिणी आत स्वयंपाकघरात गप्पा मारत बसतात आणि बाहेरच्या खोलीत दोन परके पुरुष एकमेकांची तोंडं बघत जन्म काढतात. मी पालघरला औषधांचं दुकान चालवतो, ते बोईसरला राहतात. मधे एक उमरोळी स्टेशन तेवढं आहे, पण त्या उमरोळीनं मला आजवर कधी वाचवलेलं नाही. मनात आलं की ते निघतात, आणि मी एखाद्या म्हाताऱ्याला खोकल्याचं औषध समजावून देत असताना काउंटरवर कोपर टेकून म्हणतात, "साडूभाऊ, आज आणखी एक पकडला." गिऱ्हाईक दचकतं. त्याला वाटतं, चोर की काय. तसा चोरच असतो, पण कागदावरचा.

त्यांची उभी हयात तारापूरच्या एमआयडीसीत एका रसायनांच्या कारखान्यात गेली. काम काय, तर तयार मालाचं सॅम्पल तपासायचं आणि पास की फेल ते सांगायचं. फेल सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जेवण झाल्यासारखं समाधान दिसायचं म्हणे. कामगार त्यांना तोंडावर 'साब' आणि पाठीमागे 'फेलसाब' म्हणायचे. "फेलसाब आ रहे हैं, ढक्कन लगा दो," असं एकजण म्हणाला ते यांच्या कानावर पडलं. दुसरा कोणी असता तर चिडला असता. यांनी घरी येऊन ताईंना, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीला, कौतुकानं सांगितलं.

नोकरी संपली, पण तपासणी काही संपली नाही. लग्नाच्या पंगतीत हे श्रीखंडाचं बोट पाण्याच्या ग्लासात बुडवतात आणि रंग सुटतो का ते बघत बसतात, तेही आग्रह करायला आलेल्या यजमानाच्या देखत. एकदा केळव्याला समुद्रावर गेलो होतो. शहाळेवाल्याला यांनी विचारलं, "हे शहाळं इथलंच कशावरून?" त्यानं न बोलता कोयत्यानंच मागचा माड दाखवला. यावर यांचं म्हणणं, माड इथला आहे हे कबूल, पण शहाळं त्याच माडाचं याला पुरावा काय. आम्ही त्या दिवशी शहाळं प्यायलो नाही. माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हाही मला बाजूला घेऊन म्हणाले, "सॅम्पल बरं दिसतंय, पण एका सॅम्पलवर जाऊ नका. सगळी बॅच बघा." बॅच म्हणजे मुलाचे भाऊ. दार उघडंच होतं आणि बॅचमधला एक भाऊ दारातच बसला होता.

पण हे सगळं तोंडी लावण्यापुरतं. त्यांचा प्राण गुंतलाय तो चित्रकथांच्या मूळ पानांत. मूळ पान म्हणजे छापलेलं नव्हे, चित्रकारानं जाड कागदावर काळ्या शाईनं स्वतः काढलेलं. एडवणला एक चित्रकार होते, आता नाहीत. मुंबईच्या एका मुलांच्या पाक्षिकात त्यांची एका खलाशाची चित्रकथा वर्षानुवर्षं यायची. समुद्राच्या तळाशी राहणारा राक्षस दर अंकात खलाशाची होडी उलथवायचा आणि खलाशी दर अंकात पोहून वर यायचा. आमच्या साडूंचं बालपण त्या होडीत गेलं. पुढे पाक्षिक बंद पडलं, त्यांच्या कचेरीत राहिलेली काही पानं इकडेतिकडे गेली, आणि त्यातली मूठभर यांनी हुडकून हुडकून मिळवली. ती कपाटात मऊ पंच्यांत गुंडाळून ठेवलेली असतात. बघायची तर आधी हात साबणानं धुवायचे, पुसायचे, वाळवायचे आणि मग लांबूनच बघायचं. ताई एकदा म्हणाल्या, "माझ्या बाळंतपणात डॉक्टरनी इतके हात धुतले नव्हते."

हा छंद त्यांनी आपला आपल्याशी ठेवला असता तर माझं म्हणणं काही नव्हतं. पण आता अशा पानांचे ऑनलाइन लिलाव होतात, आणि जिथे लिलाव तिथे लबाडी. कोणी छापील अंकातलं पान मोठं करून जुनाट कागदावर छापतो, त्याला चहाचं पाणी लावून पिवळं करतो आणि 'दुर्मिळ, अस्सल, चित्रकाराच्या हातचं' म्हणून लिलावाला लावतो. हौशी लोक बोली लावतात आणि फसतात. आमच्या साडूंनी अशा भामट्यांविरुद्ध एकहाती लढाई पुकारली. पहाटे उठायचं, चहाच्या आधी सगळ्या लिलावांवरून नजर फिरवायची आणि खोटं पान दिसलं की साईटवाल्यांकडे तक्रार ठोकायची. तक्रार म्हणजे दोन ओळी नव्हेत, पानभर पुरावा. साईटकडून उत्तर यायचं, 'आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.' पान तिथंच असायचं. हे पुन्हा लिहायचे, ते पुन्हा मोलाचं म्हणायचे. आणि या सगळ्याचा वृत्तांत सकाळी सकाळी फोनवरून मला. दाढीचा फेस गालावर वाळून जायचा, पण यांचा भामटा काही संपायचा नाही. मी नुसतं हं हं करायचो. माणूस किती दिवस हं हं करणार हो?

त्यांची कसोटी मात्र पक्की होती, ते कबूल करायला हवं. त्यांनी मला ती इतक्यांदा सांगितलीय की मी झोपेतही म्हणून दाखवीन. चित्रातली माणसं बोलतात ते शब्द ज्या गोल जागेत लिहितात तिला म्हणायचं फुगा. हीच चित्रकथा मराठीत यायची, हिंदीत यायची, गुजरातीतही यायची. चित्र एकच, शब्द वेगवेगळे. म्हणून चित्रकार फुगे कोरेच ठेवायचा, आणि शब्द वरून वेगळ्या पारदर्शक कागदावर लिहून छापायच्या वेळी चढवायचे. तेव्हा मूळ पानावर फुगा हा कोराच असायला हवा. भामट्याला हे ठाऊक नसतं. तो छापील पानावरून नक्कल मारतो, त्यामुळे त्याच्या पानावर शब्द येतात. "फुगा भरला की सॅम्पल फेल," साडू म्हणायचे. देशभरच्या हौशी लोकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यात हे त्यांचं वाक्य सुभाषितासारखं फिरायचं. तिथं लोक त्यांना 'सर' म्हणायचे. बोईसरच्या घरात त्यांना 'अहो' आणि 'ऐकलंत का' यापलीकडे मान नव्हता, त्यामुळे या 'सर'नं ते थोडे फुगले असतील तर मी त्यांना दोष देत नाही. त्यांनी ग्रुपवर एक सिद्धांतही मांडला होता. एडवणच्या चित्रकारांच्या नंतरनंतरच्या पानांत फुगे मोठे मोठे होत गेले आहेत, ते का, तर म्हणे चित्रकार उतारवयात मौनाकडे वळले होते. या मौनावर ते माझ्याशी तासभर बोलले.

आणि मग एके दिवशी लिलावात ते पान आलं. खलाशी, राक्षस, मधे उलटी होडी. फुगे भरलेले, तेही बॉलपेननं. राक्षस म्हणत होता, "मला भूक लागली हाय. सुकट हाय का?" आणि खलाशी पाण्यात गटांगळ्या खाता खाता म्हणत होता, "आदी हातपाय धुवून ये."

साडूंचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज आनंदानं कापत होता. इतकी उघडी नागडी लबाडी त्यांना आयुष्यात मिळाली नव्हती. त्यांनी जी तक्रार लिहिली ती मला वाचून दाखवली. त्यातलं एक वाक्य माझ्या लक्षात राहिलंय: 'समुद्रतळाचा राक्षस सुकट मागत नाही.' कोणता संपादक राक्षसाला असली गावठी भाषा बोलू देईल, बॉलपेननं कोण लिहील, वगैरे वगैरे. ग्रुपवरच्या सगळ्या शिष्यगणानंही तक्रारी केल्या. आणि या वेळी साईटवाल्यांना मत खरोखरच मोलाचं वाटलं. पान काढून टाकलं, विकणाऱ्याचं खातं बंद केलं, नावापुढे फसवणुकीचा शिक्का मारला. ग्रुपवर दिवसभर टाळ्या वाजत होत्या.

पण विकणाऱ्याचा पत्ता एडवणचा होता, आणि ते यांना खटकलं. चित्रकाराच्याच गावचा पत्ता द्यायचा म्हणजे काय निर्ढावलेला चोर असेल. "त्याला त्याच्या घरात जाऊन पकडू," ते म्हणाले. 'पकडू' यातला दुसरा माणूस मी. दुकान बायकोवर टाकून, स्कूटरवर यांना मागे बसवून, केळव्यावरून पुढे एडवणपर्यंत मी गेलो. वाटभर ते माझ्या कानात चोराला काय काय विचारणार त्याची तालीम करत होते आणि मी खड्डे चुकवत होतो.

घर वाडीतच होतं, पोफळींच्या आत. ओटीवर एक म्हातारी बाई पाय पसरून सुपाऱ्या निवडत बसल्या होत्या. आम्ही काही बोलायच्या आधी त्याच म्हणाल्या, "चित्रा घ्यायला आलेत ना तुमी? बसा, उन्हातून आलेत." आत जाऊन त्यांनी पाणी आणलं आणि मग पत्र्याची पेटी ओढत आणली. त्या चित्रकारांच्या पत्नी होत्या. मूलबाळ नव्हतं. बोईसरला कारखान्यात नोकरी करणाऱ्या त्यांच्या पुतण्यानं एका पानाचा फोटो काढून लिलावाला लावला होता. खाऱ्या वाऱ्यानं आणि कसरीनं चित्रं चालली होती, कोणाच्या तरी चांगल्या घरात पडावीत एवढीच काकूंची इच्छा होती.

पेटी उघडली. जुन्या लुगड्यांच्या घड्या, डांबराच्या गोळ्या आणि मधे पानंच पानं. साडूंनी हात धुवायला पाणी मागितलं. मग एक पान उचललं, उजेडात तिरपं धरलं, शाईखालची पेन्सिल बघितली, पाठीमागचा पाक्षिकाचा शिक्का बघितला, कागदाचा वास घेतला. मी त्यांचा चेहरा बघत होतो. पास की फेल न सांगता त्यांनी दुसरं पान उचललं, मग तिसरं. पानं अस्सल होती. सगळी. आणि उचललेल्या प्रत्येक पानाचे फुगे बॉलपेननं भरलेले होते.

"हे कोणी लिहिलं, काकू?" मीच विचारलं.

"मीच," काकू म्हणाल्या. "पानं छापून घरी परत यायची. मी त्यांना विचारायची, हा राक्षस काय बोलतो? ते म्हणायचे, मला काय माहीत, ते तिकडं संपादक लिवतात. तोंडं उघडून बसलेत आन् बोलत कोणीच नाय. मला बघवं ना. मग मीच लिवलं, त्यांना काय हवं असंल ते." त्या जरा हसल्या. "ते रागावले नाय. उलट पुढं फुगे मोठे काढायला लागले. म्हणायचे, तुला जागा पुरत नाय. संपादक वरडायचे त्यांना, एवढे मोठे फुगे कशाला म्हणून."

मौनाचा सिद्धांत तिथंच ओटीवर बसल्या जागी मेला. मला हसू यायला हवं होतं, पण साडूंकडे बघून आलं नाही.

काकू पुढे बोलत होत्या. बोईसरच्या कोणा शिकलेल्या माणसानं कॉम्प्युटरवर लिहिलं, की ही चित्रं खोटी आहेत, विकणारे चोर आहेत. पुतण्याचं नाव खराब झालं. गावात बातमी यायला वेळ लागत नाही. पाण्याला गेलं तरी बायका बोलायच्या थांबतात. "नवरा गेला तं त्याच्या नावावर खोटं विकते, म्हणतात मला," त्या म्हणाल्या. आवाज साधाच होता. "पैसे नाय मिळाले तं नाय मिळू दे. पण मी खोटारडी नाय हो."

निघून जाता आलं असतं. त्यांना काही कळलं नसतं, मी तर कोणाला सांगितलं नसतं. साडूंनी पान पुन्हा घडीवर ठेवलं आणि म्हणाले, "काकू, तो मी."

काकूंनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमी? मला वाटलं कोणी तरणा पोर आसंल. तुमचे तं केस पिकलेत." एवढंच बोलल्या. आणि चहा ठेवायला आत गेल्या. तो चहा साडूंनी कसा प्यायला त्यांचं त्यांना माहीत.

त्यानंतर साडूंनी जे केलं ते बघून माझा पूर्वीचा सगळा वैताग मी मागे घेतला. त्यांनी साईटला लिहिलं, की मी चुकलो, पान अस्सल आहे, शिक्का काढा. उत्तर आलं, आपलं मत मोलाचं आहे. पुन्हा लिहिलं, पुन्हा मोलाचं. ग्रुपवर त्यांनी सगळी हकीकत मांडली, पेन्सिलीचे, शिक्क्याचे फोटो टाकले. शिष्य म्हणाले, "सर, फुगा भरला की सॅम्पल फेल. तुम्हीच शिकवलंत." एकानं लिहिलं, राक्षस सुकट मागत नाही, आणि खाली हसरे चेहरे. दुसऱ्यानं तर सरांनाच विचारलं, त्या बाईकडून तुम्हाला किती मिळाले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कोणाला. जन्मभर लोकांचं फेल ठरवलेला हा माणूस एक पास मिळवायला दारोदार फिरत होता आणि कोणी दार उघडत नव्हतं. सकाळचे फोन येत होते अजून, पण आता ते भामट्यांवर बोलत नसत. "काय करावं, साडूभाऊ?" असं विचारायचे. माझ्याकडे तापावरची गोळी असते, यावर नव्हती.

शेवटी ते मला म्हणाले, चला, पुन्हा एडवणला जाऊ. या वेळी वाटेत तालीम नव्हती. दुपारची वेळ होती, काकूंच्या ओटीवर शेजारच्या बायका सुपाऱ्या निवडायला बसल्या होत्या, दोन-तीन पुरुषही होते. साडू चपला काढून ओटीच्या पायरीशी उभे राहिले. पानपानभर तक्रारी लिहिणारा माणूस, पण इथे दोनच वाक्यं बोलला. म्हणाले, "यांची चित्रं खरी आहेत. खोटं मी बोललो होतो." बास. एका बाईनं काकूंकडे बघितलं, मग सूप सरकवून यांना बसायला जागा केली.

"तिकडं कॉम्प्युटरवर पटलं नाय ना कोणाला?" काकूंनी विचारलं.

"नाही पटलं," साडू म्हणाले.

"नाय पटू दे. ह्या सगळ्यांनी ऐकलं, पुरे झालं मला."

मग त्यांनी पेटीतून तळाचं पान काढलं. त्यात किनाऱ्यावर खलाशाची बायको उभी होती, होडी लांब गेलेली, बाईचं तोंड उघडं आणि फुगा भला मोठा, कोरा. चित्रकारांनी काढलेलं हे शेवटचं पान. ते छापायला गेलंच नव्हतं. "हिला काय बोलायचं ते मला कधी कळलंच नाय," काकू म्हणाल्या. "तुमी शिकलेले. तुमी सांगा, काय लिवू?"

ज्या पानाकडे बघायला आम्हाला हात धुवावे लागतात, तसलं पान. फुगा कोरा, म्हणजे बाजारात पटण्यासारखं हे एकच. आता साडू ओरडतील, म्हणतील काकू पेन लावू नका, असं मला वाटलं. ते म्हणाले, "मला नाही सांगता येणार, काकू. तुम्हालाच माहीत." काकूंनी पेटीतलंच बॉलपेन घेतलं. ओटीवर वारा होता, कागद हलत होता. साडू पुढे सरकले आणि त्यांनी दोन्ही हातांनी पान घट्ट धरून ठेवलं, काकूंचं लिहून होईपर्यंत. त्यांनी लिहिलं, "जेवून तरी जायचं होतंस."

पेटी काकूंनी साडूंच्याच हवाली केली. "इकत नाय देत. ठेवायला देते," म्हणाल्या. आता त्या पुतण्याकडे बोईसरला असतात, आणि त्यांना बरं वाटत असलं की ताई त्यांना घरी जेवायला आणतात. ग्रुपमधले कोणी कधी साडूंकडे आले तर शेवटचं पान भिंतीवर बघून हळूच सांगतात, सर, तुम्ही फसलात. साडू मान डोलावतात आणि चहा सांगतात. समजावत बसत नाहीत. सकाळचा फोनही हळूहळू बंद झाला. मी इतकी वर्षं ज्या फोनला शिव्या दिल्या, तो येत नाही म्हणून हल्ली मला दाढी करताना करमत नाही. ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही.

परवा न राहवून मीच एका लिलावात शिरलो. कालच छापलेल्या पानाला चहाचं पाणी लावून कोणीतरी अस्सल म्हणून विकायला ठेवलं होतं. माझ्यासारख्या औषधवाल्यालाही कळावं इतकं खोटं. मी ते साडूंना पाठवलं. म्हटलं, आता तरी भडकतील, फोन करतील, तासभर बोलतील. बऱ्याच वेळानं उत्तर आलं: "असू दे, साडूभाऊ. कोणाच्या तरी घरचं असेल."